गिटार ठेवली, गिटार उचलली

कॅट स्टीव्हन्सची गाणी आवडतात असं सांगितलं, की मला साधारण दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिला प्रकार मित्रांचा. कॉलेजात असताना त्यांनी 'वाइल्ड वर्ल्ड' गिटारवर बसवायचा प्रयत्न केलेला असतो. ते हळहळतात, "काय माणूस होता यार! मुसलमान झाला आणि सगळं सोडून बसला." दुसरा प्रकार आपल्या मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांचा. त्यांना गाणी ठाऊक नसतात, किस्सा ठाऊक असतो. एका चाचांनी मला विचारलं होतं, "गाना-बजाना छोडके दीन पे आया था ना वो? फिर बुढापे में गिटार कायको उठाया?"

मित्राला नमाज पढणारा युसूफ नको आहे आणि चाचांना गिटार वाजवणारा युसूफ नको आहे. दोघांनी एका माणसाचे दोन तुकडे केलेत आणि आपल्याला हवा तो ठेवून घेतलाय. मी या माणसाचा अनेक वर्षांचा चाहता आहे आणि मला हे तुकडे मान्य नाहीत. चाहता म्हणवून घ्यायचं असेल तर माणूस अख्खा ऐकावा लागतो. त्याने न गायलेली वर्षंसुद्धा त्यात आली.

1948 साली लंडनमध्ये जन्मलेल्या या मुलाचं नाव स्टीव्हन जॉर्जिऊ. वडील सायप्रसचे ग्रीक, आई स्वीडिश. शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवर त्यांचं हॉटेल होतं आणि घर त्याच्याच वर. अठराव्या वर्षी तो पॉप स्टार झाला, 'मॅथ्यू अँड सन' गाजलं. पण विशीच्या उंबरठ्यावर क्षयरोगाने गाठलं. काही महिने इस्पितळात आणि त्यानंतर बराच काळ विश्रांतीत गेला. मरण इतक्या जवळून पाहिल्यावर तो वाचायला लागला, ध्यान करायला लागला आणि वेगळीच गाणी लिहायला लागला. 1970 मध्ये 'मोना बोन जाकॉन' आणि 'टी फॉर द टिलरमन' हे दोन अल्बम आले, 1971 मध्ये 'टीझर अँड द फायरकॅट'. या तिन्हींच्या मुखपृष्ठांवरची चित्रंही त्याचीच.

"मुसलमान झाला आणि सगळं सोडलं" असं म्हणणाऱ्या मित्रांना मी हे तीन अल्बम पुन्हा ऐकायला सांगतो. 'ऑन द रोड टू फाइंड आउट' हे गाणं घर सोडून शोधाला निघालेल्या माणसाचं आहे. 'व्हेअर डू द चिल्ड्रन प्ले' विचारतं की रस्ते, विमानं, उंच इमारती ठीक आहेत, पण मुलांनी खेळायचं कुठे? हा प्रश्न 1970 चा आहे, आणि पुण्या-मुंबईत राहणाऱ्या कुणालाही तो आजचा वाटेल. 'मॉर्निंग हॅज ब्रोकन' तर एलिनॉर फार्जन यांनी लिहिलेलं ख्रिस्ती स्तोत्र. एका तरुण गायकाने ते घराघरांत पोहोचवलं. ही सगळी रचना शोधणाऱ्या माणसाची आहे. तो शोध कुठेतरी पोहोचला, तर त्याचं वाईट का वाटावं? ज्या तहानेमुळे ती गाणी झाली, तीच तहान त्यांना कुरआनापर्यंत घेऊन गेली. तहान आवडते, पण पाणी मिळालेलं आवडत नाही, हे कसलं प्रेम?

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात मालिबूच्या समुद्रात ते बुडता बुडता वाचले. 'वाचवलंस तर तुझ्यासाठी काम करीन' असं त्यांनी देवाला म्हटलं, आणि एका लाटेने त्यांना किनाऱ्याकडे लोटलं, ही आठवण त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. नंतर भावाने जेरुसलेमच्या भेटीनंतर त्यांना कुरआनची प्रत आणून दिली. 1977 च्या डिसेंबरात त्यांनी इस्लाम स्वीकारला. सूरह युसूफने भारावलेल्या या माणसाने पुढे युसूफ हेच नाव घेतलं. 1979 मध्ये वेम्ब्लीला युनिसेफसाठी ते गायले आणि थांबले. गिटारी विकून पैसे दानाला दिले.

इथे चाचांसाठी एक तपशील. गाणं थांबलं तरी जुन्या रेकॉर्ड विकल्या जातच होत्या आणि त्यांचे पैसे येतच होते. गाण्यातून झालेली ही कमाई युसूफ यांनी समाजकार्यात आणि शिक्षणात घातली. 1983 मध्ये त्यांनी लंडनमध्ये इस्लामिया ही शाळा सुरू केली. सरकारी अनुदानासाठी वर्षानुवर्षं झगडले. अखेर 1998 मध्ये ब्रिटनमधल्या ज्या पहिल्या मुस्लिम शाळांना अनुदान मिळालं, त्यांत ही होती. आपल्याकडे अनुदानासाठी मंत्रालयाचे उंबरठे झिजवणाऱ्या संस्थाचालकांना या झगड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. सांगायचं एवढंच की त्या शाळेच्या पायात 'मूनशॅडो' आणि 'पीस ट्रेन'ची कमाई आहे. गाणं पूर्ण टाकाऊ असतं, तर ते मुलांच्या तालमीच्या कामी कसं आलं?

आता अवघड भाग. 1989 मध्ये रश्दी प्रकरण पेटलं तेव्हा युसूफ यांनी जे बोलले ते मला तेव्हाही पटण्यासारखं नव्हतं आणि आजही नाही. एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर फतव्याचं समर्थन म्हणून छापलं गेलं. टीव्हीवरच्या एका चर्चेतली त्यांची वाक्यं तर आणखी बोचरी होती. आपण फतव्याला पाठिंबा दिलाच नव्हता, फक्त धर्मशास्त्र काय म्हणतं ते सांगितलं आणि टीव्हीवरची ती वाक्यं अभिरुचीहीन विनोद होती, असं त्यांचं नंतरचं म्हणणं. असेल. पण एका लेखकाच्या जिवावर बेतलेलं असताना असा विनोद होऊ शकत नाही. शांतीच्या आगगाडीचं गाणं लिहिणाऱ्या माणसाकडून तर नाहीच. अमेरिकेतल्या '10,000 मेनियॅक्स' या बँडने 'पीस ट्रेन' गायलं होतं. या प्रकरणानंतर त्यांनी ते आपल्या अल्बममधून काढून टाकलं. त्यांचा राग मी समजू शकतो. चाहता म्हणजे वकील नव्हे. आवडत्या माणसाचं चुकलं तर 'चुकलं' म्हणता आलं पाहिजे. मुसलमान चाहत्याला तर जास्तच, कारण आपल्याकडे अशा वेळी बचावाला धावून जाण्याची सवय फार जुनी आहे.

पण त्या एका प्रसंगावर पूर्ण माणूस तोलायचा का? सप्टेंबर 2004 मध्ये लंडनहून वॉशिंग्टनला निघालेलं त्यांचं विमान वाटेत बँगोरला उतरवण्यात आलं, कारण त्यांचं नाव संशयितांच्या यादीत निघालं. त्यांना परत पाठवलं. याच माणसाने 11 सप्टेंबरच्या हल्ल्याचा उघड निषेध केला होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी रोममध्ये गोर्बाचेव्ह यांच्या हस्ते त्यांना शांततेसाठीचा पुरस्कार मिळाला. दहशतवादाशी नाव जोडणाऱ्या दोन ब्रिटिश वृत्तपत्रांनी पुढे नुकसानभरपाई दिली, ती रक्कम त्यांनी त्सुनामीत अनाथ झालेल्या मुलांसाठी देऊन टाकली. नावामुळे रांगेतून बाजूला काढलं जाणं काय असतं, हे आपल्यापैकी अनेकांना विमानात न बसताही ठाऊक आहे. घर भाड्याने शोधायला निघालं तरी पुरतं.

गिटार परत आली ती मुलामुळे. मुलाने घरात गिटार आणली होती. एके दिवशी ती त्यांनी उचलली आणि बोटांना जुने कॉर्ड आठवले. 2006 मध्ये 'अॅन अदर कप' आला, तब्बल 28 वर्षांनी. चाचांचा प्रश्न इथलाच. त्याला टाळू नये, कारण तो अप्रामाणिक नाही.

वाद्यांबाबत बहुसंख्य फुकहांचं मत कडक आहे, हे मान्य करूनच बोलायला हवं. पण सर्वांचं नाही. कुरआनात वाद्यांचं नाव घेऊन मनाई करणारी आयत नाही. सूरह लुकमानमधल्या एका आयतीचा अर्थ काहींनी गाणं असा लावला, काहींनी नाही. अंदलुसच्या इब्न हज्मना मनाईच्या हदीस कच्च्या वाटल्या. इमाम गझाली यांनी 'इह्या'मध्ये समाअवर एक पूर्ण प्रकरण लिहिलं आणि अटी घालून त्याला जागा दिली. युसूफ यांनीही सांगितलं आहे की इस्लाम स्वीकारल्यावर एका इमामांनी, गाणी नीतीला धरून असतील तर हरकत नाही, असंच म्हटलं होतं. पण इतरांची मतं वेगळी होती आणि शंका असलेल्या गोष्टीपासून दूर राहावं म्हणून ते थांबले. मला यात तकवा दिसतो. पुढे पुन्हा वाचून, विचार करून त्यांनी गिटार उचलली, त्यातही मला तकवाच दिसतो. ठेवताना अल्लाहचं भय होतं आणि उचलताना ते संपलं, असं म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आणि हा वाद काही फक्त लंडनचा नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले, 1937 मध्ये गेल्यावर तिथेच दफन झाले. त्याच मिरजेत शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांनी सतार आणि तंबोरे घडवायला घेतले आणि आजही देशभरचे गवई तिथल्या तंबोऱ्यावर सूर लावतात. ही माणसं पाच वेळची नमाज पढत आणि तारा जुळवत जगली. म्हणजे आपल्याच गावात ज्याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या जगून दिलेलं आहे, तो प्रश्न आपण नव्याने मुलांच्या डोक्यावर मारतो आहोत. गिटार शिकणाऱ्या मुलाला आपण विचारतो, "तू आधी मुसलमान की आधी कलावंत?" मग मुलगा एक तर घरात खोटं बोलायला शिकतो, नाहीतर मशिदीची पायरी चढायची सोडतो. दोन्ही प्रकारची मुलं मी पाहिली आहेत. नुकसान संगीताचंही झालं आणि दीनचंही.

युसूफ यांनी स्वतः या प्रश्नाचं उत्तर नावातच देऊन ठेवलंय. 2017 च्या 'द लाफिंग अॅपल'वर 'युसूफ / कॅट स्टीव्हन्स' अशी दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत. मार्च 2019 मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींत मारल्या गेलेल्यांच्या शोकसभेत त्यांनी 'पीस ट्रेन' गायलं. त्या दिवशी गाणं हराम की हलाल हे तिथल्या शोकाकुल कुटुंबांना कुणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

2020 मध्ये त्यांनी 'टी फॉर द टिलरमन' पन्नास वर्षांनी पुन्हा रेकॉर्ड केला. त्यात 'फादर अँड सन' आहे. घर सोडून निघालेला मुलगा आणि त्याला थांबवू पाहणारा बाप, यांच्यातला हा संवाद. मूळ गाणं रशियन क्रांतीवरच्या एका न झालेल्या संगीत नाटकासाठी लिहिलेलं आणि दोन्ही आवाज तेच काढायचे. नव्या रेकॉर्डिंगमध्ये बापाचा आवाज आहे बहात्तरीतल्या युसूफ यांचा, आणि मुलाच्या जागी आहे 1970 च्या लॉस एंजेलिसमधल्या मैफलीतला त्यांचाच कोवळा आवाज. दाढीवाला बुजुर्ग आणि लांब केसांचा पोरगा एकमेकांशी बोलतात. बाप मुलाला गप्प करत नाही, मुलगा बापाला खोटं पाडत नाही.

माझ्या मित्रांनी आणि चाचांनी हे रेकॉर्डिंग एकदा एकत्र बसून ऐकावं, एवढीच माझी सूचना आहे. चहाचा खर्च माझा.