गाळून घेतलेलं पाणी आणि सोडून दिलेलं पाणी



हल्ली आपल्या समाजात मोटरहोमने यात्रेला जायची टूम निघाली आहे. मला ती आवडते. स्वयंपाकघर बरोबर असतं, कांदा-बटाट्याची धास्ती नसते, सूर्यास्ताच्या आत ताटं वाढता येतात, सासूबाईंचे गुडघे दुखले की त्यांना लगेच आडवं होता येतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सात जण अशाच गाडीने बदामी, पट्टदकल, ऐहोळे करून थेट वारंगपर्यंत जाऊन आलो. तेव्हा गाडीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो गाडीच्या पोटाखालच्या एका नळाला.

या गाडीत चांगल्या पाण्याची एक टाकी असते आणि भांडी-आंघोळीचं खरकटं पाणी साठवणारी दुसरी. ती भरली की खालचा नळ उघडायचा. कुठे? आपल्याकडे त्यासाठी ठरलेल्या जागा फारशा नाहीत. मग सावली बघून गाडी लावतात, आणि सावली बहुतेक वेळा पाण्याकाठीच असते. अशाच एका तळ्याकाठी आपल्यातल्याच एका कुटुंबाने नळ उघडला आणि साबणाचं, तेलाचं पाणी उतारावरून तळ्याकडे निघालं. मी बोलले, तर उत्तर मिळालं, “अहो, पाणीच तर आहे!”

त्याच ताईंनी सकाळी दुहेरी कापडातून पाणी गाळलं होतं. आपल्या आज्या गाळून झाल्यावर कापडावरचे जीव त्याच विहिरीत अलगद परत सोडायच्या. जिवाणी म्हणतात ती हीच. प्यायचं पाणी गाळताना एवढी काळजी आणि धुतलेलं पाणी सोडताना काहीच नाही, ही कसली जीवदया? मुनींच्या पाच समित्यांपैकी पाचवी फक्त टाकून देण्याबद्दल आहे: मलमूत्रसुद्धा निर्जंतुक जागा पाहून. श्रावकांना तेवढं कडक बंधन नसेल, पण विनाकारण हिंसेला आपल्याही व्रतांत नाव आहे, अनर्थदंड.

शिवाय ही तळी साधी नाहीत. बदामीचं चौथं लेणं आपलं. तिथे पार्श्वनाथ आणि बाहुबलींचं दर्शन घेऊन मागे वळलं की खाली अगस्त्य तीर्थ दिसतं. वारंगची केरे बसदी तर तळ्यातच उभी आहे, होडीने जावं लागतं. श्रवणबेळगोळच्या नावातच पांढरं तळं आहे. साचलेल्या पाण्यात साबण आणि खरकटं गेलं की शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. वर हात जोडायचे आणि खाली हे करायचं?

“गावातल्या बायका तिथे कपडे धुतातच की,” असं कुणी म्हणेल. धुतात. त्यांचं रोजचं जगणं त्या तळ्यावर आहे. आपण पाहुणे आहोत, आणि दुसरा करतो म्हणून आपलं व्रत सैल होत नाही. “आमचा साबण हर्बल आहे,” असंही ऐकलं. तेल-खरकट्यावर कुठला हर्बल छाप असतो?

उपाय आपल्याकडेच आहे. ताट धुऊन पिण्याची रीत आठवा. ताटात काही उरलंच नाही, तर धुवायला पाणी आणि साबण किती लागणार? प्रवासात दशम्या, खाकरे, चटण्या जास्त न्या, तळण घरी ठेवा. कढई आधी कागदाने पुसा. टाकी मुक्कामाच्या धर्मशाळेत विचारून, शौचालयाच्या मोरीतच रिकामी करा. गाडी ठरवतानाच चालकाला सांगा, “दादा, नदी-तळ्याजवळ नळ उघडायचा नाही.” आमच्या चालकदादांनी पाच दिवस हे पाळलं, एकदाही कुरकूर केली नाही.

हे पुरुषमंडळींवर सोडू नका. भांडी आपण घासतो (का आपणच घासतो, हा वेगळा लेख!), म्हणून टाकीत काय जातं ते आपल्याला ठाऊक असतं. पुढच्या यात्रेची यादी कराल तेव्हा गरण्याच्या कापडाखाली एक ओळ वाढवा: खरकटं पाणी कुठे सोडणार? उत्तर मिळाल्याशिवाय गाडी ठरवू नका.