पाकीट फेकू नका

आज जरा भांडायला बसलोय. प्रवास, पुस्तकं, पाऊस अशा नेहमीच्या नोंदीची वाट बघणाऱ्यांनी माफ करावं. विषय माझ्या धंद्यातला आहे, पण म्हणून नातेवाईक मंडळींनी लगेच पान बंद करू नये. (मावशी, तू दर दिवाळीत विचारतेस ना, "ऑफिसात तू नक्की करतोस तरी काय?" घे, आज त्याचंच उत्तर.)

भांडण आहे ते माझ्याच गोतातल्या लोकांशी. हास्केल, स्काला, एफ शार्प, एलिक्सिर अशा फंक्शनल भाषांमध्ये काम करणाऱ्यांशी. मीही गेली कित्येक वर्षं त्यांच्यातलाच. मेसेज ब्रोकरची साधीसुधी क्लायंट लायब्ररी हातात आली की तिच्यावर एक 'सुंदर' वेष्टण चढवायची आपल्याला खाज सुटते. माझं म्हणणं असं की या खाजेपायी लोकांचे निरोप हरवतात.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेसेज ब्रोकर म्हणजे पोस्ट ऑफिस. एका प्रोग्रामने निरोप टाकायचा, ब्रोकरने तो रांगेत ठेवायचा, दुसऱ्या प्रोग्रामने सवडीने उचलायचा. क्लायंट लायब्ररी म्हणजे आपल्या प्रोग्रामच्या वतीने या पोस्टाशी बोलणारा कोड. आता रजिस्टर पोस्ट आठवा. (२०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं, पण आपल्या पिढीला ते विसरता येणार नाही.) पोस्टमन सही घेतल्याशिवाय पत्र देत नसे. घरी कुणी नसलं तर पत्र परत न्यायचा आणि पुन्हा आणायचा. ब्रोकरचंही तसंच. निरोप दिला तरी तो लगेच पुसून टाकत नाही, घेणाऱ्याकडून पोच यायची वाट बघतो. फरक इतकाच की इथे सही करायची ती पत्रातलं काम उरकल्यावर. त्याआधीच घेणारा कोसळला, तर तोच निरोप पुन्हा रांगेत येतो. या पोचेला आम्ही 'ॲक' म्हणतो.

यात एक पळवाटही आहे. तिला ऑटो-ॲक म्हणतात. म्हणजे सोसायटीच्या वॉचमनने सगळ्यांच्या वतीने सह्या ठोकायच्या. पोस्टमन खूश, त्याची वही पूर्ण. पत्र तुमच्या हातात पडलं का, ते वॉचमनच्या ड्रॉवरला विचारा!

गंमत अशी की ही शिस्त आपल्याला फंक्शनल भाषेनेच शिकवलेली आहे. रॅबिटएमक्यू हा लोकप्रिय ब्रोकर २००७ मध्ये आला तो एर्लँगमध्ये लिहिलेला. एर्लँगचा जन्म एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमाराचा, टेलिफोन एक्सचेंजच्या कामासाठी. प्रोसेस कधीतरी मरणारच, हे तिथे आधीच धरून चालतात. जो आर्मस्ट्राँग यांनी २००३ च्या प्रबंधात हे स्वच्छ मांडलंय: निरोप पाठवला म्हणजे पोचला असं समजू नका, खात्री हवी असेल तर समोरच्याने उलट निरोप पाठवायला हवा. याच घराण्यातले आपण, आणि आपणच ती पोच लपवायला निघालोय.

आता समोरच्यांची बाजू, प्रामाणिकपणे. ते म्हणतात, रांग म्हणजे एक न संपणारी यादी. यादीवर मॅप, फिल्टर, फोल्ड ही आपली हक्काची अवजारं चालतात. मग कनेक्शन, चॅनेल, ॲक हा चिखल एकदा वेष्टणात गाडून टाकू आणि वर स्वच्छ यादी देऊ. दिसायला फार छान दिसतं हे. चार ओळींत अख्खा प्रोग्राम. मलाही मोह होतो, खोटं कशाला बोलू.

पण रांग ही यादी नाही. बघा कसं ते.

फिल्टर घ्या. यादीतून नको ते गाळलं की गाळलं, विषय संपला. रांगेतून आलेला निरोप तुम्ही गाळलात, तर त्याची पोच कोण देणार? वेष्टण पोच देतं पाइपलाइनच्या शेवटी, आणि गाळलेला निरोप शेवटपर्यंत पोचतच नाही. समजा, एका वेळी २० निरोप पोचेविना हातात ठेवायची मुभा आहे (याला प्रीफेच म्हणतात). असे २० गाळलेले निरोप साठले की ब्रोकर एकविसावा देणं थांबवतो. प्रोग्राम जिवंत, एरर एकही नाही, आणि रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढतेय.

आता "पहिले ५ घे" असं म्हणून बघा. यादीत बाकीचे जागच्या जागी राहतात. इथे लायब्ररीने २० आधीच उचललेले असतात. उरलेले १५ चॅनेल बंद होईपर्यंत अडकून बसतात, मग 'पुन्हा दिलेला' असा शिक्का घेऊन परत रांगेत येतात.

आणि हास्केलचा आळशीपणा, ज्याचं आपल्याला एवढं कौतुक! उत्तर लागेपर्यंत ते काढायचंच नाही. एरवी उत्तम गुण. पण निरोपावरून काढायचा निकाल तुम्ही कुठेतरी ठेवून दिलात आणि पोच पाठवलीत, तर प्रत्यक्षात तुम्ही ठेवलंय ते नुसतं आश्वासन. हिशोब झालेलाच नाही. दहा मिनिटांनी कुणीतरी तो निकाल मागतो, तेव्हा आतला डेटा खराब निघतो आणि सगळं कोसळतं. तोवर ब्रोकरने मूळ निरोप पुसलेला असतो. पत्र फाडल्यावर पत्ता शोधायचा तो कुठे?

एफ शार्पवाल्यांनी हसू नये. रॅबिटएमक्यूच्या डॉटनेट लायब्ररीची ६.० आवृत्ती २०२० मध्ये आली, तेव्हापासून निरोपाचा मजकूर ज्या मेमरीत येतो ती लायब्ररीच्या मालकीची असते. तुमचं हँडलर संपलं की ती जागा दुसऱ्या मजकुरासाठी वापरली जाऊ शकते. म्हणजे जे आपण 'न बदलणारं मूल्य' समजून पुढे ढकलतो, ते पाठीमागे बदलू शकतं. प्रत काढून ठेवा, असं लायब्ररीवाले स्पष्ट सांगतात. पण वेष्टणाच्या वर बसलेल्याला हे कळणार कसं?

हे सगळं तात्त्विक वाटत असेल, तर एक घडलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका ठिकाणी मला मदतीला बोलावलं होतं. नाव सांगत नाही. पॅथॉलॉजीचे रिपोर्ट तयार झाले की डॉक्टरांना आणि पेशंटला कळवायचं, एवढंच त्या प्रोग्रामचं काम. कोड वाचायला देखणा, अगदी फ्रेम करून लावावा असा. तक्रार अशी की अधूनमधून काही जणांना निरोप जातच नाही. डॅशबोर्डवर मात्र रांग कायम शून्य, त्यामुळे सगळे निर्धास्त. रांग शून्य असणारच ना, वेष्टणात ऑटो-ॲक होतं! ऑटो-ॲकला प्रीफेचची मर्यादा लागू होत नाही. ब्रोकर निरोपांचा ढीग प्रोग्रामच्या अंगावर ओतून मोकळा होत होता, आणि नवी आवृत्ती चढवताना प्रोग्राम बंद केला की मेमरीतला ढीग जात होता. एका बाईंचा बायोप्सीचा रिपोर्ट तयार होऊन पडला होता आणि घरचे लोक नऊ दिवस फोनकडे बघत बसले होते. ते नऊ दिवस कुठल्याही लॉगमध्ये दिसत नाहीत.

तेव्हापासून 'देखणा कोड' हे शब्द ऐकले की माझ्या कपाळावर आठी येते.

बरं, मग करायचं काय? फंक्शनल भाषा सोडायच्या? मुळीच नाही. उलट हे काम त्यांच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करू शकणार नाही, फक्त लपवाछपवी थांबवायला हवी. हास्केलची जुनी, साधी एएमक्यूपी लायब्ररी बघा. ती तुमच्या हातात दोन गोष्टी देते: एक निरोप आणि एक पाकीट. पाकिटाला ती चक्क 'एन्व्हलप'च म्हणते. पाकिटावर पोचेचा क्रमांक असतो आणि निरोप कुठल्या चॅनेलवरून आला तेही. हे महत्त्वाचं, कारण पोच त्याच चॅनेलवर द्यावी लागते. दुसऱ्याच चॅनेलवर दिलीत तर ब्रोकर चॅनेलच बंद करतो. लायब्ररी लिहिणाऱ्याने शहाणपणाने पाकीट दिलं, आणि आपण पहिल्याच ओळीत ते कचऱ्यात टाकतो!

पाकीट शेवटपर्यंत सोबत न्या. हँडलरने उत्तर द्यायलाच हवं असं करा: काम झालं, पुन्हा रांगेत टाक, किंवा नाकारलं. तीनच पर्याय, एका टाइपमध्ये. उत्तर द्यायला विसरलात तर कंपायलर पुढे जाऊ देणार नाही. टाइप-सिस्टिमची मिरवणूक काढायची तर ती इथे काढा ना. एलिक्सिरमध्ये २०१९ साली आलेलं ब्रॉडवे असंच वागतं. हँडलरला घेतलेला निरोप परत द्यावाच लागतो, मधेच गायब करता येत नाही. स्कालातल्या एफएसटू-काफ्कामध्ये प्रत्येक नोंदीसोबत तिचा ऑफसेट येतो, म्हणजे तेही पाकीटच. सुंदर आणि प्रामाणिक एकाच वेळी असता येतं, ते असं.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, प्रत्येक निरोपाची पोच देणं संथ असतं. मग एकेक देऊ नका, 'इथपर्यंतचे सगळे' अशी एकत्र पोच देण्याची सोय प्रोटोकॉलमध्येच आहे. दुसरा, काफ्काने २०१७ मध्ये 'नेमकं एकदाच' ही हमी आणली, आता पोचेची चिंता कशाला? ती हमी काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरती आहे. तुम्ही ईमेल पाठवला, बँकेतून पैसे वळते केले, की तिथे ती संपते. निरोप दोनदा येऊ शकतो हे धरूनच लिहावं लागतं. निरोपाचा क्रमांक नोंदवून ठेवायचा, पुन्हा तोच आला तर नुसती पोच द्यायची. आपल्या फोल्डला हे काम अगदी झेपण्यासारखं आहे.

असो. बरंच बोललो. माझ्या मते निरोप हातात आला की आपण कुणाचं तरी देणं लागतो. ते फिटेपर्यंत डोळ्यांसमोर असायला हवं, पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेल्या उधारीसारखं. म्हणून पुढच्या वेळी कुणी नवी लायब्ररी कौतुकाने दाखवली, तर किती ओळी वाचल्या ते नंतर विचारा. आधी विचारा, पाकीट कुठाय?

पटलं नसेल तर खाली लिहा, भांडू. मावशी, तू फोनच कर.