पर्यटक व्हिसावर उमराह होतो, हज होत नाही

ईदचा शीरखुर्मा संपतो न संपतो तोच आमच्याकडे एक प्रश्न येतो. "सर, टुरिस्ट व्हिसा काढून सौदीत जायचं, तिथेच नातेवाइकांकडे थांबायचं आणि हज करूनच परतायचं, असं जमतं ना?" विचारणारे काही अडाणी नसतात. गेल्या खेपेला एसटीतून निवृत्त झालेले एक चाचा आले होते. हातात एजंटाने दिलेला साधा ए-फोर कागद, त्यावर फोटो, क्यूआर कोड आणि अरबी मजकूर. आम्ही उर्दू शिकवतो, म्हणजे अरबीही वाचणारच, या समजुतीने असे कागद आमच्याकडे येत असतात. अक्षरे वाचता येणे वेगळे आणि व्हिसा कळणे वेगळे, पण मोहल्ल्यात हा फरक कोण करतो?

हा गोंधळ कुठून आला ते समजायचे तर थोडे मागे जावे लागेल. 2019 पर्यंत सौदी अरेबियात निव्वळ फिरायला जाणे जवळजवळ शक्यच नव्हते. हज, उमराह, नोकरी, व्यापार किंवा तिथे राहणाऱ्या कुटुंबाची भेट, एवढ्याच वाटा होत्या. 27 सप्टेंबर 2019 रोजी सौदीने 49 देशांच्या नागरिकांसाठी पर्यटक ई-व्हिसा सुरू केला. घरबसल्या अर्ज, विम्यासह 440 रियाल शुल्क, वर्षभराची वैधता आणि 90 दिवसांपर्यंत मुक्काम. तेलावरचे अवलंबित्व कमी करायच्या 'व्हिजन 2030' या योजनेचा तो भाग होता. मुस्लिम पर्यटकाला त्याच व्हिसावर उमराह करण्याची मुभाही मिळाली. फक्त हजचे दिवस वगळून.

त्या 49 देशांत भारत नव्हता, ही गोष्ट आपल्याकडे कुणी नीट सांगितलीच नाही. नंतर दारे थोडी थोडी उघडत गेली. 2020 पासून अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा वापरलेला आणि वैध व्हिसा पासपोर्टवर असणाऱ्यांना सवलत मिळाली, मग ते कोणत्याही देशाचे असोत. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीयांसाठी पोलिसांच्या दाखल्याची अट गेली. त्याच वर्षी उमराह व्हिसाची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर आली. जानेवारी 2023 मध्ये सौदीच्या विमान कंपन्यांनी जाणाऱ्यांना 96 तासांचा थांबा घेण्यासाठी ट्रान्झिट व्हिसा मिळू लागला. मार्च 2023 मध्ये आखाती देशांत राहणाऱ्या परदेशी लोकांना, व्यवसाय कुठलाही असो, पर्यटक ई-व्हिसा खुला झाला.

कोकणातल्या घरांत गैरसमज पसरला तो या शेवटच्या बदलाने. मुलगा दुबईत किंवा कुवेतला नोकरीला. तो मोबाइलवर अर्ज करतो, व्हिसा येतो, गाडी काढून उमराह करून येतो. मग गावी फोन जातो, "अम्मी, आता काही अवघड नाही." पण ती सोय मुलाच्या तिथल्या रहिवासी परवान्यावर मिळालेली असते. गावच्या पत्त्यावरच्या पासपोर्टवर अम्मीला ती लागू होत नाही. त्यांना व्हिसा केंद्रातून रीतसर अर्ज करावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात.

त्यात आणखी एक भर पडली. मे 2023 पासून भारतासह काही देशांतल्या अर्जदारांच्या पासपोर्टवर स्टिकर चिकटवणे सौदीने बंद केले आणि क्यूआर कोड असलेला कागद सुरू केला. म्हणजे केंद्रातून रीतसर मिळालेला व्हिसाही आता दिसतो ई-व्हिसासारखाच. उमराहचा, भेटीचा, पर्यटनाचा, सगळे कागद लांबून सारखेच. स्टिकर होता तेव्हा पासपोर्ट हातात घेऊन चार माणसे बघत. आता व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते आणि "व्हिसा आला, मुबारक" म्हणून ती पुढे पाठवली जाते. तिच्यावरची व्हिसाच्या प्रकाराची ओळ किती जण वाचतात?

आणि त्या एका ओळीवर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो. 2024 च्या हजमध्ये मस्जिद-ए-हरामच्या परिसरात तापमान 51.8 अंशांवर गेले होते. सौदी सरकारने 1,301 मृत्यू जाहीर केले आणि त्यातले 83 टक्के लोक परवान्याविना आलेले होते असे सांगितले. परवाना नाही म्हणजे काय? मिनामध्ये तंबू नाही, वातानुकूलित बस नाही, गटासोबतचा डॉक्टर नाही. म्हातारी माणसे भर उन्हात मैलोन्मैल चालली. मृतांत सर्वाधिक इजिप्तचे होते, आणि तिथल्या सरकारने नंतर 16 पर्यटन कंपन्यांचे परवाने काढून घेतले. त्यांनी लोकांना भेटीच्या व्हिसावर पाठवले होते. यातली बहुतेक माणसे कायदा मोडायला निघालेली नव्हती. आयुष्यभराची कमाई मोजून अल्लाहच्या घरी निघाली होती.

त्यानंतर सौदीने हात आखडता घेतला. 2025 च्या सुरुवातीला भारतासह 14 देशांसाठी अनेक वेळा प्रवेश देणारा भेटीचा व्हिसा थांबवल्याच्या बातम्या आल्या. त्या वर्षी उमराह व्हिसावर सौदीत शिरायची शेवटची तारीख 13 एप्रिल आणि देश सोडायची 29 एप्रिल ठरली. 29 एप्रिलपासून 10 जूनपर्यंत कुठल्याही प्रकारच्या व्हिजिट व्हिसावर मक्केत प्रवेश किंवा मुक्काम बंद. विनापरवाना हज करताना सापडल्यास 20,000 रियालपर्यंत दंड. अशा माणसासाठी व्हिसा काढणाऱ्याला, त्याला गाडीतून नेणाऱ्याला किंवा घरात ठेवणाऱ्याला एक लाख रियालपर्यंत. मुदत संपल्यावर राहून हजचा प्रयत्न केला तर हद्दपारी आणि दहा वर्षे प्रवेशबंदी. म्हणजे 'नातेवाइकांकडे थांबू' म्हणणाऱ्याने स्वतःबरोबर जेद्दाच्या भाच्यालाही संकटात घातले.

मग लोक ही वाट धरतात का? सगळा दोष लोभी एजंटांवर टाकून आम्हाला मोकळे होता येत नाही. हजचा कोटा साधारण हजार मुस्लिमांमागे एक असा ठरतो. भारताच्या वाट्याला 1,75,025 जागा येतात आणि वाट पाहणारे कितीतरी जास्त. त्यात 2025 मध्ये खासगी टूर चालकांच्या बावन्न हजारांवर जागांपैकी बहुतेक जागा, पैसे भरणे आणि करार वेळेत न झाल्याने हातच्या गेल्या. सरकारी पातळीवर बोलणी झाल्यावर सौदीने 10,000 जणांसाठी पोर्टल पुन्हा उघडले. बाकीच्यांनी पैसे भरले होते, बॅगाही भरल्या होत्या. अशा माणसाच्या दारात कुणी "माझ्याकडे दुसरा रस्ता आहे" म्हणत आला, तर तो ऐकणारच. त्याला नियम सांगणारे कुणी त्याच वेळी त्या दारात असायला हवे, आणि मशिदीत जुम्याला जमणाऱ्या आपल्या लोकांना हे काम अवघड नाही.

चाचांचा कागद आम्ही सौदी परराष्ट्र मंत्रालयाच्या व्हिसा पोर्टलवर तपासला. पासपोर्ट क्रमांक टाकला की नोंद दिसते, कुणालाही करता येते. व्हिसा खरा होता, खोटा नव्हता. पण प्रकार भेटीचा, प्रवेश एकदाच, मुक्काम 30 दिवस. वैधता आणि मुक्काम या दोन वेगळ्या ओळी असतात. एजंटाने वैधतेची तारीख दाखवून 'हजपर्यंत चालतो' असे सांगितले होते. ज्या तारखेचे तिकीट होते त्या हिशेबाने त्यांचा मुक्काम हजच्या आधीच संपत होता. संपला नसता तरी मक्केच्या वाटेवरच्या नाक्यावर त्यांना अडवलेच असते.

चाचा बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे याने मला खोटं काहीच सांगितलं नाही, फक्त अर्धं सांगितलं." त्यांनी तिकीट रद्द केले. आगाऊ दिलेल्या पैशांपैकी निम्मे परत आले. उरलेल्यांसाठी एजंटाच्या दुकानी अजून खेटे घालणे चालू आहे. त्या पैशात थंडीच्या दिवसांत बेगमला घेऊन उमराहला जायचा त्यांचा विचार आहे, उमराहच्याच व्हिसावर.