चाकांवरची नहाणी

कॅराव्हॅनच्या मालकाची तक्रार बहुधा एका वाक्याची असते : अंघोळ केली की गाडीची फरशी ओली होते. कारागीर येतो, शॉवर ट्रेच्या जाळीभोवती सिलिकॉनचे एक वेटोळे फिरवतो, मजुरी घेतो आणि निघतो. पुढच्या घाटरस्त्यावरून गाडी परतते तेव्हा तीच तक्रार पुन्हा दारात उभी असते.

मुंबईतल्या चित्रीकरणांवर व्हॅनिटी व्हॅन बऱ्याच वर्षांपासून आहेत. 2021 मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानकही आहे. गाड्या बांधणारे हात तयार झाले. त्यातली नहाणी दुरुस्त करणारा हात मात्र अजून इमारतीच्या सवयीचा आहे. घोटाळा होतो तो इथेच.

इमारतीत नहाणी ट्रॅप स्लॅबमध्ये पक्का बसतो. स्लॅब हलत नाही, पाइप हलत नाही, त्यामुळे जोडावर ताण येत नाही. गाडीत शॉवर ट्रे असतो एबीएस प्लॅस्टिकचा किंवा फायबरचा, जाडीने पातळ, आणि अनेकदा फक्त कडांवर टेकवलेला. सत्तर-ऐंशी किलोचा माणूस त्यावर उभा राहिला की ट्रेचा मध्य दबतो आणि त्याच्याबरोबर वेस्ट कपलिंग, म्हणजे ट्रे आणि पाइप जोडणारा भाग, हेही खाली जाते. खालचा पाइप मात्र टाकीला आणि चासीला जखडलेला. म्हणजे प्रत्येक अंघोळीला आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला हा जोड थोडा थोडा हलवला जातो. काही महिन्यांत कपलिंगचा चेकनट सैल होतो, रबर चपटे पडते आणि पाणी प्लायवूडमध्ये उतरू लागते. मालकाला ओल दिसते तोवर आतला प्लाय मऊ झालेला असतो.

म्हणून हत्यार उचलण्याआधी गळती नेमकी कुठे आहे ते ठरवावे. पहिल्यांदा पाहायची ग्रे टँक, म्हणजे अंघोळीचे नि भांड्यांचे पाणी साठवणारी टाकी. गाडीत सगळ्यात खालचे तोंड शॉवरचे असते. टाकी भरली की पाणी उलटे तिथूनच वर येते. अशा वेळी दुरुस्ती करायची नसते, टाकी रिकामी करायची असते.

टाकी रिकामी असूनही पाणी मुरत असेल, तर जाळीच्या तोंडाला बूच लावून ट्रेमध्ये दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरावे, पातळीवर पेन्सिलची खूण करावी आणि तासभर थांबावे. पातळी उतरली तर दोष कपलिंग आणि ट्रेच्या जोडात, नाहीतर ट्रेला तडा. पातळी टिकली, पण बूच काढल्यावर खाली ठिबकले, तर ट्रॅप किंवा पाइप. दोन्ही वेळा कोरडे राहिले आणि शॉवर सुरू असतानाच पाणी आले, तर दाराची पट्टी किंवा मिक्सरमागचा जोड तपासावा. ओल दिसेल तिथेच गळती आहे असे धरून चालू नये. उभी गाडी एका बाजूला कलती असली की पाणी फरशीच्या उताराने वाहत जाते आणि भलत्याच कोपऱ्यात डाग उमटवते.

दोष जोडात निघाला, तर कपलिंग सोडवण्यावाचून इलाज नाही. एक माणूस वरून जाळीच्या खाचांत पक्कड अडकवून कपलिंग धरतो, दुसरा खालून चेकनट फिरवतो. नट जाम असेल तर हॅक्सॉच्या ब्लेडने तो आडवा कापलेला बरा. जोर लावल्यास पातळ ट्रेच फाटतो. जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून काढावे, कारण जुन्या सिलिकॉनवर नवे धरत नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून कोरडी करावी. सिलिकॉन लावायचे ते फक्त वर, कपलिंगची कड आणि ट्रे यांच्यामध्ये. खालची बाजू कोरडीच ठेवायची. तिथे क्रम ठरलेला आहे : आधी रबर, मग कागदी किंवा फायबरचा वायसर, मग चेकनट. तो कागदी वायसर पुष्कळ जण फालतू समजून फेकून देतात. तो नसला की नट फिरताना रबरालाच पकडतो, रबर पिळवटते आणि नवा जोड पहिल्या दिवसापासून गळतो. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा पुरेसा असतो. त्यानंतर चोवीस तास पाणी सोडू नये.

सामानाच्या निवडीतही सावध राहावे लागते. तेलाच्या आधारावरची प्लंबर पुटी एबीएसला कालांतराने ठिसूळ करते. तिथे न्यूट्रल क्युअर सिलिकॉनच वापरावे. परदेशी बनावटीची गाडी असेल तर काळजी दुप्पट. अमेरिकेत या गाड्यांचा मोठा उद्योग इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट भागात आहे आणि तिकडच्या गाड्यांत काळा एबीएस पाइप असतो. आपल्या दुकानातले यूपीव्हीसीचे सॉल्व्हंट सिमेंट त्याला भरवशाचे धरत नाही. एबीएस ते यूपीव्हीसी या जोडासाठी वेगळे ट्रान्झिशन सिमेंट लागते. आट्यांचेही तेच. अमेरिकी दीड इंची पाइपाला इंचामागे साडेअकरा आटे, आपल्याकडच्या बीएसपी आट्यांच्या पाइपाला अकरा. दोन फेरे सुरळीत जातात, मग नट अडकतो, आणि टेफ्लॉन गुंडाळून जबरदस्ती केली तर आटेच तासले जातात.

यानंतरचे काम सगळ्यात जास्त टाळले जाते, आणि खरी दुरुस्ती तेच आहे : ट्रेला खालून आधार देणे. ट्रे दबत राहिला तर नवे कपलिंगही जुन्याच्याच वाटेने जाणार. कमी फुगणारा पॉलियुरेथेन फोम थोडा थोडा भरावा, आणि भरताना ट्रेमध्ये पाण्याच्या बादल्या ठेवाव्यात, नाहीतर फोम फुगून ट्रेच उचलतो. जिथे जागा आहे तिथे प्लायच्या पट्ट्या बसवाव्यात. ट्रेला तडा असेल तर तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे तो पुढे धावत नाही. मग खालच्या अंगाने, एबीएस असेल तर एबीएसचा कीस ॲसिटोनमध्ये विरघळवून आणि फायबर असेल तर मॅट व रेझिनने तो बुजवावा. ॲसिटोन हाताळताना गाडीतला गॅस बंद हवा.

वासाची तक्रार वेगळी. वास अडवणारे ट्रॅपमधले पाणी वळणावळणाच्या रस्त्यावर हिंदकळून जाते, उन्हात उभ्या गाडीत आटते, आणि टाकीचा वास सरळ आत येतो. प्रवास संपल्यावर पेलाभर पाणी ओतणे हा साधा उपाय. ट्रॅपला खाली जागाच नसेल तर सिलिकॉनच्या पडद्याचा बिनपाण्याचा व्हॉल्व्ह आडवाही बसतो. लेह-लाहौलकडे हिवाळ्यात जाणाऱ्या गाड्यांचे ट्रॅप रिकामे करावेत किंवा त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल भरावे. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगते आणि ट्रॅप फोडते.

तुंबण्याचे कारण मात्र अस्सल घरचे आहे. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या आसपास थिजते. महाबळेश्वरच्या थंडीत वाऱ्यावर उघडा असलेला वेस्ट पाइप केस आणि साबणासकट तेल धरून ठेवतो. यावर कॉस्टिकची पूड ओतू नये. तिच्या उष्णतेने रबरी जोड खराब होतात आणि उरलेला क्षार टाकीत साठतो. गरम, पण उकळते नव्हे असे पाणी आणि प्लॅस्टिकची काटेरी पट्टी एवढ्याने काम होते.

या सगळ्यात कारागिराचा सर्वाधिक वेळ जातो तो ट्रॅपपर्यंत हात पोचवण्यात. खालचा पत्रा कापावा लागतो, शेजारचे कपाट उखडावे लागते, आणि तिथून जाणाऱ्या गॅसच्या नळीला किंवा वायरला ब्लेड लागण्याची भीती असतेच. गाडी बांधणाऱ्यांना म्हणून एक विनंती. शॉवरच्या खाली किंवा बाजूच्या कपाटात, दोन्ही हात आत जातील एवढी स्क्रूची झडप आराखड्यातच धरा, आणि गाडी ताब्यात देताना ती मालकाला उघडून दाखवा. दुरुस्ती करणाऱ्यांनीही पत्रा कापलाच असेल, तर तो रिव्हेट मारून कायमचा बंद न करता तिथे झडपच बसवावी, आणि ट्रेखाली आधार दिला की नाही, याची नोंद बिलावर करावी.