पाण्याचा ताळेबंद

मैत्रिणींनो, नळ आला की आपण आधी पिण्याचे गुंड भरतो, मग स्वयंपाकाचं पाणी, धुण्याभांड्याचं सगळ्यात शेवटी. हा क्रम कुणी शिकवावा लागत नाही. सरकारलाही असाच क्रम लावावा लागतो, फक्त तिथं भांडण मोठं! 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि त्यानंतर शेती होती. ओरड झाली, तेव्हा 2011 साली शेती दुसरी आणि उद्योग तिसरा झाला.

आपल्या भागाचंच बघा. पेंचच्या पाण्यावर नागपूरची तहान, वीजकेंद्रं आणि कालव्याखालची शेती, तिघांचाही हक्क. त्यातच वर मध्य प्रदेशात चौराई धरण झालं. 2019 च्या जुलैत पाऊस लांबला आणि नागपुरात दिवसाआड नळ सुटू लागले.

शहराचं वापरलेलं पाणी मात्र नाग नदीतून आपल्या कुही तालुक्याकडेच येतं, आणि पुढं कन्हान, वैनगंगेतून गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. या धरणाची पायाभरणी 1988 सालची. त्यासाठी कुहीतल्या कित्येक घरांनी शेतं दिली, गावं सोडली. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या वाट्याला निदान स्वच्छ पाणी तरी यायला नको का? पाण्याच्या वाटणीत किती पाणी मिळालं हे जसं पाहायचं, तसं ते कसं मिळालं हेही पाहायला हवं.

यावर एक उपाय आपल्या ओळखीचाच आहे. तांदूळ धुतलेलं पाणी आपण अळूला घालतो ना? तसंच नागपूरला भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला देतात. तेवढं पेंचचं पाणी वाचतं आणि तेवढी घाण नदीत कमी जाते.

आता आपलं काम. आठवडाभर कॅलेंडरवर रोजच्या बादल्या मांडा: पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणं. कुठं सांडतं ते लगेच कळेल. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला ठेवा. गळका नळ असेल तर आजच वायसर बदला, दहा मिनिटांचं काम.

आणि हो, नगरपंचायतीत किंवा ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला, तर तुम्ही बोला. नळ किती वेळ येतो एवढंच विचारू नका, गावाचं सांडपाणी कुठं सोडता हेही विचारा. दोघी-चौघी मिळून गेलात, तर उत्तर टाळणं त्यांना जड जाईल.