गोष्टीतली मुलगी आणि चित्रं काढणाऱ्या बायका

परदेशी मुलांकडे राहायला गेलं की आपल्या हातात पहिल्यांदा काय पडतं? यादी! मँचेस्टरला लेकीकडे गेले, तेव्हा तिनेही अशीच एक यादी करून ठेवली होती. "आई, दोन दिवस समुद्रावर जाऊन येऊ. वेल्समध्ये लँडिड्नो म्हणून गाव आहे. सगळं नीट बघून होतं." खाली आकडे घालून सहा ठिकाणं लिहिलेली. समुद्रातला धक्का, डोंगरावरची ट्रॅम, जुनी तांब्याची खाण, काश्मिरी शेळ्या, ॲलिसचा ससा आणि शेजारच्या कॉनवीचा किल्ला. मी म्हटलं, चला, आपण काय, सांगाल तिकडे जाणारी माणसं!

यादी चांगलीच होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या दोन दिवसांत जे पाहिलं, त्यातली मला सगळ्यात जास्त आठवणारी जागा तिच्यात नव्हती. म्हणून हा लेखप्रपंच.

मँचेस्टरहून गाडीने सुमारे अडीच तास. चेस्टर सोडलं की थोड्याच वेळात रुळांच्या शेजारी पाणी येतं आणि मग बराच वेळ सोबत करतं. गावाचं नाव इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला दोन 'एल' येतात. त्याचा खरा वेल्श उच्चार आपल्या जिभेला येत नाही. जीभ टाळूला लावून बाजूने हवा सोडायची, असं लेकीने शिकवलं. मी दोनदा प्रयत्न केला, समोरच्या बाकावरचं लहान मूल खुदकन हसलं, मग मी नाद सोडला.

गाव मात्र देखणं आहे. दोन बाजूंना दोन डोंगर, मोठा ऑर्म आणि छोटा ऑर्म, आणि मधे चंद्रकोरीसारखा किनारा. किनाऱ्याला समांतर फिकट रंगांच्या हॉटेलांची एकसारखी रांग. हे आपोआप झालेलं नाही. इथली बहुतेक जमीन मॉस्टिन नावाच्या जमीनदार घराण्याची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी आखून-रेखून हे सहलीचं गाव वसवलं. त्याआधी इथे डोंगरावर खाणकामगारांच्या झोपड्या आणि खाली दलदल होती.

पहिल्या दिवशी आम्ही यादीतले आकडे भराभर खोडले. १८७७ साली खुला झालेला धक्का २२९५ फूट लांब आहे, वेल्समधला सगळ्यात मोठा. पायाखाली लाकडी फळ्या, फटींतून दिसणारं पाणी आणि डोक्यावर आपल्या हातातल्या बटाट्याच्या चिप्सवर डोळा ठेवून असलेले सीगल! मग १९०२ पासून चालणारी ट्रॅम. जाड तारेने ओढली जाते, अर्ध्या वाटेवर उतरून दुसरीत बसायचं आणि ६७९ फुटांवरच्या माथ्यावर पोचायचं. वाटेत मेंढ्या होत्या, शेळ्यांनी मात्र दर्शन दिलं नाही. या काश्मिरी शेळ्यांचे पूर्वज राणी व्हिक्टोरियाच्या विंडसरच्या कळपातून इथे आले. २०२० च्या टाळेबंदीत माणसं घरात बसली तेव्हा या बाईसाहेब डोंगरावरून गावात उतरल्या आणि लोकांच्या बागांची कुंपणं फस्त करून गेल्या. तो व्हिडिओ आपल्याकडेही घरोघरी पाहिला गेला.

खाणीत मात्र मी गप्प झाले. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची ही तांब्याची खाण. वाहनतळ करायचा म्हणून १९८७ मध्ये जागा साफ करायला घेतली, तेव्हा तिचं खरं वय कळत गेलं. आत काही बोगदे इतके अरुंद आहेत की त्यात पाच-सहा वर्षांची मुलंच शिरू शकली असतील, असं अभ्यासक सांगतात. हाडांची अवजारं घेऊन, अंधारात. वर ऊन्हात येऊन आइस्क्रीम खाल्लं, पण ते बोगदे काही डोक्यातून जाईनात.

संध्याकाळी पश्चिम किनाऱ्यावर ॲलिसचा पांढरा ससा पाहिला. 'ॲलिस इन वंडरलँड' ज्या खऱ्या मुलीवरून सुचलं, ती ॲलिस लिडेल लहानपणी सुट्टीला इथे येत असे. तिच्या वडिलांनी इथे घरही बांधलं होतं. लेखक लुईस कॅरल इथे कधी आले होते की नाही, याचा धड पुरावा नाही. पण १९३३ मध्ये माजी पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांच्या हस्ते सशाचा पुतळा उभा राहिला आणि आता गावभर गोष्टीतल्या पात्रांचे लाकडी पुतळे आहेत. गंमत म्हणजे ते खरं घर २००८ मध्ये पाडलं! खरं घर गेलं, गोष्ट राहिली.

किनाऱ्यावर 'पंच अँड ज्यूडी'चा बाहुल्यांचा खेळही आहे. कॉडमन घराणं १८६० पासून तो करत आलंय. पिढ्यान्‌पिढ्या पोरं खिदळतात ती कशाला? नवरा हातात दांडकं घेऊन बायकोला बडवतो त्याला. मीही हसले, खोटं कशाला बोलू! मग मात्र जरा ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने कॉनवीला गेलो. नदीच्या मुखाशी तेराव्या शतकातला पहिल्या एडवर्ड राजाचा किल्ला, गावाभोवती अजून धड उभी असलेली तटबंदी. धक्क्यावर ब्रिटनमधलं सगळ्यात छोटं घर आहे, सहा फूट रुंद. त्याच्या दाराशी लाल शाल आणि उंच काळी टोपी घातलेली वेल्श पोशाखातली बाई. सगळे तिच्याबरोबर फोटो काढत होते, मीही काढला. मग 'प्लास मॉर' म्हणजे 'मोठा वाडा' पाहिला. १५७६ ते १५८५ या काळात एका श्रीमंत व्यापाऱ्याने बांधलेला. भिंतींवर रंगीत गिलाव्याची नक्षी, मालकाच्या नावाची आद्याक्षरं जिकडेतिकडे. स्वयंपाकघरात मी जरा जास्तच रेंगाळले. सवय!

यादी संपली. लँडिड्नोला परतलो तर गाडीला दोन तास अवकाश आणि वरून पाऊस. स्टेशनकडे जाणाऱ्या व्हॉन स्ट्रीटवर लाल विटांची, नक्षीदार दर्शनी भागाची एक इमारत दिसली. प्रवेश फुकट. स्पष्टच सांगते, आम्ही कलेसाठी नाही, आडोसा आणि स्वच्छतागृह मिळेल म्हणून आत शिरलो.

आत आधुनिक चित्रांचं प्रदर्शन होतं, त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. पण टेबलाशी बसलेल्या बाईंना सहज विचारलं, ही इमारत मूळ कशाची हो? आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीच ओढून बसले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या भागात चित्रं काढणाऱ्या बायकांची एक संस्था होती, 'ग्विनेड लेडीज आर्ट सोसायटी'. इथली मोठी, राजमान्य कलासंस्था म्हणजे रॉयल केंब्रियन अकादमी. तिने या चित्रकर्तींना सभासद करून घ्यायला नकार दिला. कारण एकच, त्या बायका होत्या. तेव्हा लेडी ऑगस्टा मॉस्टिन यांनी १९०१ मध्ये खास या बायकांची चित्रं लावण्यासाठी ही इमारत बांधून घेतली. स्त्री-चित्रकारांसाठी म्हणून बांधलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या दालनांत तिची गणना होते.

आणि ही अकादमी कुठे होती ठाऊक आहे? कॉनवीत, त्या प्लास मॉर वाड्यात! म्हणजे सकाळी मी ज्या वाड्याच्या स्वयंपाकघरात कौतुकाने उभी होते, त्याच वाड्याच्या मालकीणबाई नव्हे, पाहुणी नव्हे, तर बरोबरीची कलावंत म्हणून आत यायचं म्हटलं की बाईला दार बंद होतं. स्वयंपाकघरापर्यंत चालत होतं!

लेडी ऑगस्टा स्वतः तरुणपणीच विधवा झाल्या, पदरी दोन मुलगे. सासरच्या इस्टेटीवर कर्जाचा डोंगर. तो त्यांनी निगुतीने कारभार करून उतरवला. शिवाय त्या स्वतः छायाचित्रं काढत, तेही कॅमेरा म्हणजे आजच्यासारखी खेळण्यातली गोष्ट नव्हती तेव्हा.

गाडीत बसल्यावर मी लेकीची यादी पुन्हा काढली. दोन दिवसांत या गावांनी मला बायका दाखवल्या नव्हत्या असं नाही. ॲलिस दाखवली, पण ती एका पुरुषाच्या गोष्टीतली मुलगी. ज्यूडी दाखवली, दांडकं खाणारी. टोपीवाली बाई दाखवली, फोटोपुरती. म्हणजे बाई आहे, पण पाहण्यासाठी. स्वतः डोळे उघडून जग पाहणारी, ते कागदावर उतरवणारी बाई मात्र यादीत नाही. स्टेशनवरून समुद्राकडे जाताना पहिल्या दिवशी आम्ही याच रस्त्याने, याच दारावरून गेलो होतो. मान वळवून पाहिलंसुद्धा नव्हतं.

लेक म्हणाली, "आई, तू फिरायला आलीस की मोर्चा काढायला?" मी म्हटलं, बाई गं, मोर्चाही निघाला असेल इथून! आणि खरंच, मतदानाच्या हक्कासाठी झगडणाऱ्या बायकांच्या राष्ट्रीय संघटनेची वेल्समधली पहिली शाखा याच गावात १९०७ मध्ये निघाली होती. सुट्टीचं, आइस्क्रीमचं गाव म्हणून ज्याला हसण्यावारी न्यावं, तिथे हे घडलं. आहे की नाही नवल?

कुणी म्हणेल, लेडीबाईंकडे जमीन होती, पैसा होता, त्यांना काय अवघड? मान्य. शंभर टक्के मान्य. ज्यांच्यामागे लेडी ऑगस्टा नव्हती, अशा किती चित्रकर्तींच्या वह्या चुलीत गेल्या असतील कोण जाणे. आणि मिळालेली जागासुद्धा फार काळ टिकली नाही. १९०३ पर्यंतच ती त्या बायकांच्या संस्थेकडे होती. पुढे पहिल्या महायुद्धात तिथे सैनिकांची कवायत चालली, मग गोदाम झालं, पियानोचं दुकान झालं. १९७९ मध्ये पुन्हा कलादालन सुरू झालं, तेव्हा कुठे भिंतींवर चित्रं आली. अकादमीची दारंही काळाबरोबर उघडली, आज तिथे स्त्रिया सन्मानाने सभासद आहेत. पण जागा मिळवणं जितकं अवघड, तितकंच ती आपली म्हणून लक्षात ठेवणंही अवघड, हे मला त्या इमारतीने शिकवलं.

मला आमची मावशी आठवली. कुणाच्याही लग्नात रुखवत मांडायचं म्हटलं की मावशी हवी. काय तिचं रंगकाम, काय ती देखावे उभी करायची! पण पाटीवर नाव नवरीचं, कौतुक नवरीच्या आईचं. तिसऱ्या दिवशी सगळं खोक्यात. तिच्या हातचा एक कागद आज आमच्याकडे नाही. तिला अडवलं कुणीच नव्हतं. फक्त हे 'चित्र' आहे असं कुणाला वाटलं नाही, आणि त्यात मीही आले.

म्हणून मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच. हल्ली आपण खूप फिरतो. मुलांकडे जातो, महिला मंडळाबरोबर जातो, क्वचित एकट्याही जातो. किल्ले बघू या, राजवाडे बघू या, ट्रॅममध्येही जरूर बसू या. पण प्रत्येक गावात एक प्रश्न विचारत जाऊ या. इथल्या बायका काय करत होत्या? टेबलाशी बसलेल्या बाईला विचारावं, बागेतल्या बाकावरच्या आजींना विचारावं. यादी करणाऱ्यांनी सोडलेलं बरंच काही त्यांना ठाऊक असतं. आपण विचारलं नाही, तर पुढची यादीही तशीच निघणार.

घरी आल्यावर मी लेकीच्या यादीत सातवा आकडा घातला आणि माझ्या अक्षरात लिहिलं, 'मॉस्टिन, व्हॉन स्ट्रीट. बायकांनी चित्रं लावली ती जागा. उघडण्याचे वार आधी पाहणे.' यादी फ्रिजवर तशीच लावून आले.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या विहीणबाई तिकडे गेल्या. परवा त्यांचा फोन आला. "अहो, शेळ्या काही दिसल्या नाहीत. पण तुमचं ते सात नंबर सापडलं बरं का!"

मी म्हटलं, शेळ्या काय, दिसतील पुन्हा कधीतरी.