संशोधन आमच्या मातीचे, भाषा मात्र परकी

गोव्यात खासगी विद्यापीठीय शिक्षणाचा विषय निघाला की पहिले नाव येते ते झुआरीनगरच्या बिट्स पिलानीचे. राजस्थानातील या संस्थेला १९६४ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २००४ साली तिचे गोव्यातील आवार सुरू झाले. आमच्या पेडणे, डिचोली, बांदा, दोडामार्ग या पट्ट्यात ही संस्था इंजिनियर घडविणारी म्हणूनच ओळखली जाते. तिथे चालणाऱ्या संशोधनाची चर्चा आमच्याकडे सहसा होत नाही. वास्तविक या आवारात संगणक, विद्युत, यंत्र आणि रसायन या अभियांत्रिकी शाखांबरोबर भौतिकशास्त्र, गणित, जीवशास्त्र, अर्थशास्त्र आणि मानव्यविद्या असेही विभाग आहेत व त्या प्रत्येकात पीएच.डी.चे काम चालते. म्हणजे या संशोधनाचा पसारा यंत्रापासून समाजशास्त्रापर्यंत आहे. मराठीचा किंवा कोकणीचा स्वतंत्र विभाग मात्र तिथे नाही.

एकच उदाहरण देतो. गोव्याच्या मिठागरांत, जिथे दुसरे काही जगणार नाही अशा खाऱ्या पाण्यात, काही सूक्ष्मजीव तग धरून राहतात. या आवारातील संशोधकांनी अशा सूक्ष्मजीवांवर काम केले आणि त्यांच्याकरवी चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करता येतात हे दाखवून दिले. औषधशास्त्राच्या दृष्टीने अशा कणांना मोल आहे, कारण ते जंतूंना मारक ठरतात. आता पेडणे तालुक्यातील आगरवाड्याचा विचार करा. आगर म्हणजे मिठागर. गावाने आपले नावच त्यावरून घेतले. पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात पाय बुडवून मीठ काढणाऱ्या माणसाला, आपल्या आगराच्या पाण्यात शास्त्रज्ञांना रस वाटावा असे काही आहे, हे कोणी सांगितले आहे काय? मिठागरे परवडत नाहीत म्हणून ओस पडत असताना ही माहिती त्याच्या कानावर जाणे निरर्थक खासच नव्हे. पण तो निबंध इंग्रजीत आणि परदेशी नियतकालिकात.

यावर कोणी म्हणेल, आता सगळे संगणकावर खुले आहे. ते खरे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा होऊ लागले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात ते कोणालाही फुकट वाचता येतात. आमच्या शाळेतील दहावीचा विद्यार्थीही ते उघडू शकतो. पण उघडणे वेगळे आणि कळणे वेगळे. तीनशे पानांच्या इंग्रजी प्रबंधात आपल्या विहिरीविषयीची ओळ नेमकी कुठे आहे, हे त्याने कसे शोधावे?

सीमेवरच्या गावांत संशोधक नवे नाहीत. कुठल्या ना कुठल्या संस्थेची मुले येतात, माती नेतात, पाण्याच्या बाटल्या भरतात, प्रश्नावल्या भरून घेतात. सातार्ड्याकडच्या एका वयस्क शेतकऱ्याने आम्हाला विचारले होते, ‘मास्तरांनू, पाणी नेल्यानी, पुढे काय झाला?’ आम्ही चार ठिकाणी चौकशी केली. उत्तर मिळाले नाही.

या प्रश्नातील विरोधाभास पाहायचा असेल तर डिचोलीत या. शिरगाव, मये, मुळगाव या गावांनी खाणींचे सुख व दुःख दोन्ही भोगले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या, २०१८ साली ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि त्यानंतर लिलावातून डिचोलीचा पट्टा पुन्हा खाणीखाली आला. खाण सुरू करू पाहणाऱ्या कंपनीला पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करावा लागतो. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार त्या अभ्यासाचा सारांश जनसुनावणीपूर्वी स्थानिक भाषेतही द्यावा लागतो आणि सुनावणीचे इतिवृत्त शेवटी लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावे लागते. सारांश बोजड असतो, कित्येकदा वाचताना दातांखाली खडे येतात, हा भाग वेगळा. पण कायद्याने लोकांचा हक्क मान्य केला आहे. म्हणजे ज्याला डोंगर खोदायचा आहे त्याने गावाच्या भाषेत दोन शब्द लिहायचे, आणि ज्याला त्याच डोंगराचा निव्वळ अभ्यास करायचा आहे त्याच्यावर मात्र तसे बंधन नाही! टाटा ऊर्जा संशोधन संस्थेने १९९७ साली गोव्याच्या खाणपट्ट्याचा सविस्तर अभ्यास केला होता. आज धुळीचा आणि भूजलाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता तो अहवाल ग्रामसभेत किती जणांच्या हाती आहे?

पेडण्यात मोप विमानतळाच्या बाबतीत हेच घडले. अर्जात जंगलाविषयीची माहिती नीट दिली नाही, अशा कारणांवरून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये पर्यावरण परवाना स्थगित केला. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. या तीन-चार वर्षांत पठारावरील झरे, झाडे, पक्षी यांविषयी जो खल झाला तो सारा इंग्रजीत झाला. ज्यांची काजूची झाडे गेली ती माणसे तो वाद दुसऱ्याच्या तोंडून ऐकत राहिली.

ज्ञान लोकांच्या भाषेत आले की काय होते, हेही याच पट्ट्याने अनुभवले आहे. २०१५ साली सत्तरीत आणि २०१६ साली दोडामार्गात माकडतापाने माणसे दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने रोगाचा माग काढला. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना धोका अधिक, असे संशोधनातून पुढे आले. आरोग्य खात्याने तेच गावोगाव साध्या शब्दांत सांगितले. मेलेले माकड दिसले तर कळवा, रानात जाताना अंगाला तेल लावा, गोचिडी झटका. त्यात एकही शास्त्रीय संज्ञा नव्हती, पण त्यामागचे शास्त्र पक्के होते.

येथे एका माणसाची आठवण करून द्यावीशी वाटते. बिट्सचे आवार ज्या सांकवाळ गावाच्या परिसरात उभे आहे, त्याच सांकवाळात १८७६ साली धर्मानंद कोसंबी जन्मले. सिंहलद्वीपात जाऊन ते पाली शिकले, पुढे हार्वर्डमध्ये ‘विशुद्धिमार्गा’च्या संपादनाचे काम त्यांनी केले. त्यांच्या तोडीचा पाली पंडित त्या काळी विरळाच. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले, ते एका अटीवर: महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कलकत्ता विद्यापीठातील याहून मोठ्या पगाराची जागा सोडून कोसंबींनी ते स्वीकारले, कारण बुद्धाचा विचार आपल्या लोकांपर्यंत न्यावा ही तळमळ. ‘भगवान बुद्ध’ आणि ‘निवेदन’ ही पुस्तके आज मराठी वाचकाच्या घरी आहेत ती त्यामुळेच. सांकवाळच्या मातीला ही परंपरा नवी नाही.

आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. प्राध्यापकाची बढती इंग्रजी नियतकालिकांतील निबंधांवर ठरते, मराठी लिहिण्याला गुण नाहीत. खासगी संस्थेत देशभरची मुले असतात, त्यांना आपली भाषा येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून इंग्रजी सोडा असे आम्ही म्हणत नाही. जगाशी बोलायला ती हवीच. आम्ही मागतो ती दोन पाने. आमच्या तालुक्यातील माती, पाणी, झाड किंवा माणूस यांवर काम झाले असेल, तर निष्कर्ष दोन पानांत मराठीत लिहून त्या पंचायतीला व शाळेला द्यावेत. भाषांतराला माणूस हवा असेल तर निवृत्त शिक्षकांची या भागात वाण नाही. कोकणीत दिले तरी आमची हरकत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा मानून मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद केली आहे. या दोन बहिणींचे भांडण पुढे करून दोघींनाही दाराबाहेर ठेवण्याची सोय कोणी करून घेऊ नये.

पहिले पाऊल पंचायतींनी उचलता येईल. संशोधक गावात येतो तेव्हा सरपंचांची भेट बहुधा घेतोच. त्याच वेळी निष्कर्षांचा मराठी सारांश देण्याचे लेखी आश्वासन मागावे आणि तसा ठराव येत्या ग्रामसभेत घ्यावा. ठरावाचा मसुदा आमच्या समितीने तयार केला आहे. पेडणे, डिचोली आणि दोडामार्ग या तिन्ही तालुक्यांतील ज्या पंचायतींना तो हवा असेल त्यांनी आपल्या गावच्या मराठी शाळेमार्फत मागवून घ्यावा.